सात सेंटिमीटर वजा

माझ्या टेपचं टोक तुटलंय, मे महिन्यातच.
नव्याचं मागणीपत्र ऑफिसात कुठल्याशा टेबलावर.
तोवर आकडा वाचायचा, सात वजा करायचे,
पायरीला, कोनाड्याला, कमानीला,
दरवेळी, न चुकता.

दिवाडीच्या धक्क्यावर उतरले तेव्हा
पाववाला परतत होता,
टोपली रिकामी, तरी भोंगा दाबत.
चढावर चर्च. त्याच्या कुशीत सिमितेर,
सिमितेरात एक बुटकं कपेल,
चुन्याखाली जांभा, आणि जांभ्यावर
अचानक
दुसऱ्याच कुणाच्या हातचा काळा दगड.

इनास आला तो किल्ली आणि कुदळ घेऊनच.
"उद्या रुजारीनाला पुरायचीय.
तुम्ही मोजा, मी खणतो."

छत काढायचं तर पडावं लागतं.
शवपेटी टेकवतात त्या ओट्यावर पडले,
पाठीला मेणाचे टणक थेंब,
छातीवर फळी, आलेखाचा कागद.
वर कमळ.
पाकळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या, एक कमी भरली.
तिसऱ्यांदा मोजायचं धैर्य झालं नाही.
कोपऱ्यात पाकोळीचं घरटं, तेही काढलं,
तसा नियम नाही, पण होतं ते होतं.

दारात इनास हसत उभा.
"बाय, इथं पडतात ते डोळे मिटूनच.
हें फूल तांणी केन्नाच पळयलें ना."

आम्ही पल्याडच्या काठाचे.
आमच्या घरात सांगतात,
देव एका रात्री होडीत बसून आले,
धोतरात गुंडाळलेले,
आणि वल्ह्यांना चिंध्या बांधल्या होत्या, आवाज नको म्हणून.
हे मी इनासला का सांगितलं, ठाऊक नाही.
त्यानं ऐकलं, कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून.
"देव होडीत मावतो, बाय," म्हणाला,
"छत मावत नाही,"
आणि परत खणायला लागला.

छातीभर खोल गेल्यावर कुदळीचा आवाज बदलला.
खट्.
त्यानं हातानंच माती सारली:
घागरीचा गळा, काठाखाली नखांनी उमटवलेली नक्षी.
नखं बारीक होती. बाईची, किंवा पोराची.
मग मला बोलावून बिस्किटाचा डबा उघडून दाखवला.
त्यात पणतीची चोच, कौलाचे कपचे,
काचेच्या बांगडीचा हिरवा तुकडा.
"एकासाठी खणावं तर आधी दुसराच निघतो."
"मग करता काय याचं?"
"पेटी उतरली की शेजारी ठेवायचं परत.
घागर तर रुजारीनाला लागेलच.
डायबेटिस होता, रात्रभर पाणी पाणी करायची."

नियम मला पाठ आहे.
नोंद, पिशवी, चिठ्ठी, क्रमांक,
मग कोठारातलं कपाट, ज्याची किल्ली
निवृत्त झालेल्या शिपायाबरोबर गेली.
मी फोंडात उतरले.
टेप लावली: एक मीटर एकतीस. वजा सात.
गळ्याचं चित्र काढलं, आतून, बाहेरून,
नखांच्या खुणा एकूण अठरा, या वेळी दोनदा तितक्याच.
शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिल थोडी थांबली.
'जागेवर ठेवले' असं लिहिलं,
जे उद्या दुपारी चारपर्यंत
खरं होणार होतं.

इनासनं हात देऊन वर ओढलं.
माझ्या गुडघ्यांना लागलेली माती
त्यानं झटकू दिली नाही आत, म्हणाला,
"बाहेर नको, हांगाच. इथली इथंच."

नार्व्याच्या बोटीत एक स्कूटर, दोन शाळकरी पोरं,
बर्फावरच्या मासळीची पेटी आणि मी.
कागदाची गुंडाळी काखेत.
अर्ध्या नदीत आठवलं,
पडल्या पडल्या कमळाचा व्यास मोजताना
सात वजा करायचे राहिले.
म्हणजे हे छत
त्या छताहून सात सेंटिमीटर मोठं आहे.
पोरं वाकून पाण्यात थुंकत होती,
कोण लांब जातं ते बघत,
आणि मी गुंडाळी आडवी धरली,
शिंतोडे लागू नयेत म्हणून.